चाकूने मेली म्हणणाऱ्यांसाठी

मी, मनकर्णा मुखरू गुरनुले, वय एकसष्ट, धंदा शेती, राहणार बोडीटोला, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर. गाठ छातीत आहे, डोक्यात नाही. तेव्हा पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने लिहिते. येत्या सहा तारखेला नागपुरात माझं ऑपरेशन आहे. त्यातून परतले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावं.

१. घर आणि तळ्याखालची धानाची बांधी माझी एकुलती एक मुलगी मयुरी हिला. माझे थोरले दीर गुणवंतराव यांचा त्यात काडीचाही हक्क नाही. वाटणी माझा नवरा जिवंत असतानाच झाली आहे, कागद पेटीत आहे.

२. बँकेतली शिल्लक मयुरीच्या उपचाराला. तिलाही गाठ निघाली आहे, पण बोराएवढी असतानाच सापडली. माझ्या तेरवीच्या मंडपाला त्यातला पैसा लावू नये.

३. विळे, सुपं आणि मोहाच्या टोपल्या शेजारच्या कमळाला. विचारल्याशिवाय तिने कधी काही नेलं नाही.

४. गुणवंतरावांना लेपाचा अर्धा उरलेला डबा. त्यांना गाठ आली की आधी हाच लावावा. माझी गाठ लहान होती तेव्हा तेच ओट्यावर बसून म्हणाले होते, "चाकू लागला का कॅन्सर आंगभर पसरते, मनकर्णा. डॉक्टरकडं जाऊ नको." आणि मला अहेरीच्या बाजारात लच्छू नावाच्या गाठी काढणाऱ्याकडे नेलं. त्याने ब्लेडने गाठ फोडली, पिळली, वर हा लेप थापला. डॉक्टरच्या चाकूने पसरतो, मग लच्छूच्या ब्लेडने पसरत नाही का, हे मी तेव्हा विचारलं नाही. ती चूक माझी. सहा महिने लेप लावत बसले.

५. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की गाठ फोडायची नसते. भोवतीच्या चांगल्या मांसासकट अख्खी काढतात, मग हातमोजे आणि हत्यारं बदलतात, की एखादी पेशी मागे राहू नये. मला लगेच कळलं. बी धरलेलं गाजरगवत झोडपलं की बांधीभर होतं. ब्लेडनेच पसरलं का, हे बाई छातीठोक सांगत नाहीत. मी सांगते. माझ्या मरणाला गुणवंतराव जबाबदार आहेत आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

६. मी मेले की ते म्हणतील, "पाहा, चाकू लागला आन् गेली." मयुरी भित्री आहे, ऐकेल. म्हणून तिरडी उचलण्याआधी हा कागद अंगणात मोठ्याने वाचावा. कोण वाचेल ठाऊक नाही. त्यांच्यासमोर तोंड उघडणारं माणूस गावात मी तरी पाहिलेलं नाही.

७. मयुरी, तुझं ऑपरेशन सतरा तारखेला आहे. माझी तेरवी झालेली नसेल, धानही कापायचं असेल. तरी जायचं. पोरी, मला पिंड नको, तू जिवंत पाहिजेस.

ठिकाण: बोडीटोला. दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५.

मनकर्णा मुखरू गुरनुले (सही)

माझ्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. प्रफुल निकुरे, ग्रामपंचायत शिपाई (सही)
२. सीता गुणवंतराव गुरनुले (सही). कागद माह्यापाशी ठेवला. ह्यायच्या समोर, अंगणात, मीच वाचीन.