रस्ता सरकारी, नोकरी कुणाची?

गुडगाव, ४ मे २०१२

ती. सौ. सुनंदाताईस, धाकट्या श्रीरंगचा सा. न. वि. वि.

फोनवर आबा 'जेवलास का' याच्या पुढे जात नाहीत, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, आठवीत सोडलेल्या शाळेचं आहे.

टोलनाक्यावर ठीक चाललंय. पण दिवसभर त्या काचेच्या खोक्यात बसून पाय नुसते शिवशिवतात. सगळ्या गाड्या जातात, मी तिथंच. गाडीवाले भांडतात. परवा एकाने विचारलं, सडक माझ्या बापाची आहे का. मला हसूच आलं. आबांनी जन्मभर बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून खड्डे बुजवले, ते त्याला काय सांगू!

खरी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या खोलीवरचा अविनाश नोएडाला पंख्यांच्या कारखान्यात लागलाय. तिथं माझ्यासाठी जागा आहे. पगार थोडा कमी, पण मशीन शिकवतात. यार, हातात काहीतरी येईल. महिनाअखेर सांगायचंय. मी आधीच तीन नोकऱ्या सोडल्यात, तेव्हा आबांना विचारायची हिंमत तूच कर.

लोभ असू दे, बोलणी जरा कमी.

तुझा श्रीरंग

बार्शी, १३ मे २०१२

चि. श्रीरंग यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

आबांना पत्र वाचून दाखवलं. ते एकदम ताठ बसले. म्हणाले, हलायचं नाही. रस्ता सरकारचा, तेव्हा आज ना उद्या सरकारच त्याला कायम करेल. तेही आधी रोजंदारीवरच होते ना. मी म्हटलं, तिथं कंपनी आहे. तर म्हणाले, ठेकेदार आमच्या वेळीही होते.

गल्लीभर सांगत सुटलेत, पोरगा दिल्लीला सरकारी रस्त्यावर आहे म्हणून. एकदा तरी त्यांचं ऐक रे. ऐकशील असं वाटत नाही, तरी लिहिते.

माया आहेच, ती मागावी लागू नये.

तुझी ताई

गुडगाव, २ फेब्रुवारी २०१३

ती. सौ. ताईस सा. न.

ऐकलं ते ऐकलंच, जागचा हललो नाही. कारखान्यात अविनाशच्या शेजारी आता दुसराच मुलगा आहे.

मागच्या आठवड्यात नाक्यावरून आम्हा सगळ्यांना काढलं. जुन्या कंपनीने आपला हिस्सा दुसरीला विकला, नवी स्वतःची माणसं घेऊन आली. जुने म्हणतात, आता आमचा संबंध नाही. नवे म्हणतात, तुम्हाला आम्ही घेतलंच कुठे होतं. मग आम्ही काही जण दिल्लीला सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने बसवलं, पाणी दिलं. समजावून सांगितलं, रस्ता सरकारचाच, पण बांधायचा आणि चालवायचा कंपनीने, म्हणून टोलही तिचा. यात भागीदार दोनच, सरकार आणि कंपनी. तुम्ही त्यात कुठे येत नाही, भाई. वाईट वाटून बोलला बिचारा.

नोएडाला विचारून आलो, जागा नाही. आबांना एवढ्यात सांगू नकोस. कळलंच, तर त्यांच्यामुळे झालं असं म्हणू नकोस. मलाही काचेआडची सावली बरी वाटायला लागली होती.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव.

श्रीरंग

बार्शी, १५ फेब्रुवारी २०१३

चि. श्रीरंगास आबाचा आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय. सुनंदाने लपवलं, पण तिच्या तोंडावर दिसलं. मग तिला सांगावंच लागलं.

मी इथल्या बांधकाम खात्यात गेलो. माझ्या वेळचं कुणी नाही. नव्या साहेबाला म्हटलं, दिल्लीच्या साहेबाला एक चिठ्ठी द्या, पोरगा माझा आहे. तो हसला नाही. तसले रस्ते आमच्याकडे नसतात म्हणाला, आणि दारापर्यंत सोडायला आला.

मला वाटायचं, रस्ता म्हणजे रस्ता. तुझ्या काळातलं मला कळत नाही, एवढं तरी कळायला पाहिजे होतं. तू लहानपणापासून एका जागी बसत नव्हतास. जन्मात एकदा तुला बसवलं, ते तिथं.

घरी ये, असं लिहिणार होतो. नको. पुन्हा मीच सांगितल्यासारखं होईल. तुझं मन नेईल तिकडे जा, बाळा. पोचलास की कळव.

तुझा आबा