पक्षातून जाऊन येतो

५ जानेवारी, सकाळी

जिल्हा परिषदेची निवडणूक जाहीर. आमचा गट या वेळी सर्वांसाठी खुला, म्हणजे माझ्यासाठी. राजुरा तालुक्यातल्या मर्यादा पक्षात माझ्याहून जुना फक्त कार्यालयातला पंखा आहे, आणि त्याला निवडणूक लढवता येत नाही. सव्वीस वर्षांची निष्ठा, सरचिटणीसपद, शिवाय 'दैनिक वनशंख'चा तालुका प्रतिनिधी. पक्षाची बातमी मीच घडवतो, मीच लिहितो आणि सकाळी वाचून मीच भारावतो.

संकल्प: तिकीट मागायचे नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा.

सायंकाळी

मागितले. जिल्हाध्यक्ष अंकुशजींना तब्येत विचारायला फोन केला, तेवढ्यात विषय निघाला. अंकुशजी वयाने माझ्या भाच्याएवढे, पण नम्र. म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखी माणसं म्हणजे पक्षाचा पाया." हे बायकोला, रुखमाला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाया कोणाले दिसते जी? थो जमिनीखालीच रायते."

तिला राजकारण कळत नाही.

८ जानेवारी

अफवा. बैलबंडी चिन्हवाल्या लोकसमता पक्षाचे डोमाभाऊ आमच्याकडे येणार. रेतीवाले डोमाभाऊ! त्यांच्यावर मी नऊ बातम्या लिहिल्या. दोनदा 'रेतीसम्राट', एकदा 'वाळुकासुर'. अशक्य. विचारधारा नावाची काही वस्तू असते. अंकुशजींना तसे स्पष्ट ऐकवले. ते म्हणाले, "भाऊ, सोवळं नेसून पक्ष मोठा होते काय?"

संस्कृतात पक्ष म्हणजे पंख, आणि पक्ष म्हणजे पंधरवडाही. एक पांढरा, एक काळा. पंधरा दिवस झाले की बदल. पण ते चंद्राचे. आमचे तसे नाही.

झोप नाही. डास फार.

११ जानेवारी

डोमाभाऊंचा जाहीर प्रवेश झाला. सूत्रसंचालन मी केले. नकारच देणार होतो, पण दुसऱ्या कुणाला 'ष' म्हणता येत नाही. ऐन वेळी दुपट्टे संपले. अंकुशजींनी माझ्या गळ्यातला काढून डोमाभाऊंच्या गळ्यात घातला. एक प्रकारे माझाच सत्कार.

नंतर डीजे. डीजेबंदीचा ठराव आमच्याच पक्षाचा, मीच लिहिलेला. मात्र त्यात 'कर्णकर्कश' असा शब्द आहे. हा नुसता मोठा होता.

डोमाभाऊ भाषणात म्हणाले, "मी मनानं पह्यलेपासून इथीच होतो. आमच्या खुशालभाऊच्या बातम्या वाचू वाचू मले ह्या पक्षाची गोडी लागली." सगळे माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो. छातीत थोडे दुखले. ॲसिडिटी.

१२ जानेवारी

आमच्या गटाचे तिकीट डोमाभाऊंना.

शांत आहे. वहीत मागच्या निवडणुकांचे तिकीटवाले आठवून लिहिले. सगळे कुठून ना कुठून आलेले. आत असलेला एकही नाही. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात, तसे हे: यत्र यत्र प्रवेशः, तत्र तत्र तिकीटम्. माझी चूक एकच. मी कधी आलोच नाही, मी होतोच. जो बाहेर जात नाही तो आत येणार कसा?

उपाय: जायचे. दोन दिवस. मग वाजत गाजत परत.

याला बंडखोरी म्हणत नाहीत. प्रदक्षिणा म्हणतात.

१४ जानेवारी

संक्रांत. मुहूर्त चांगला. लोकसमताच्या तालुकाध्यक्ष ॲडव्होकेट संघप्रियाताई कोर्टासमोरच्या आपल्या टेबलावर सापडल्या. मी त्यांच्या पक्षाविरुद्ध इतके लिहिले आहे, तरी खुर्ची पुसून दिली. म्हणाल्या, "खुशालभाऊ, रस्ता चुकले काय?" मी म्हटले, विचारमंथनातून आलो. त्या म्हणाल्या, "डोमाभाऊ गेले आन् तुमी आले. वजनात फरक पडला, पण हरकत नाई." तिळगूळ दिला, दुपट्टा घातला. टाळ्या वाजवायला चार माणसे होती. पैकी एक दुसऱ्याच केससाठी आलेला.

निघताना म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडं आल्यावर काम करा लागते, हे मालूम हाय ना?" हो म्हटले. दोन दिवसांत काय काम निघणार?

अंकुशजींना व्हॉट्सॲपवर राजीनामा. तीन परिच्छेद, शुद्ध. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, म्हणून शेवटी फक्त 'येतो' लिहिले. त्यांना परतीचा अर्थही कळावा.

पाच मिनिटांत उत्तर: "या या. कार्यालयातच आहो."

१६ जानेवारी

फोन नाही. ग्रुपमधून मला काढलेलेही नाही. उलट विचारणा: आजची प्रेसनोट काऊन नाही आली? शेवटी मीच लिहिली. 'मर्यादा पक्षाला खिंडार, ज्येष्ठ नेत्याचा धक्का.' संपादकांनी चौथ्या पानावर, शेळी हरवल्याच्या निवेदनाखाली छापली: 'एका कार्यकर्त्याचा पक्षबदल.'

एका!

नावासाठी जागा नसेल.

१८ जानेवारी

अंकुशजींचा फोन! त्यांनी विचारले, कार्यालयाची किल्ली कुणाजवळ आहे? माझ्याजवळ, म्हटले. पाठवून द्या, म्हणाले. मी धीर करून परतीच्या प्रवेशाचे काढले. म्हणाले, "प्रवेश तर सुरूच आहेत, भाऊ. पण आता सिंगल घेत नाही. कमीत कमी पन्नास माणसं आणा."

म्हणजे दार उघडे आहे. पन्नास काय, शंभर आणीन. पहिले नाव रुखमाचे लिहिले.

ती म्हणाली, "मी कायले परत येऊ? मी तं कधी तुमच्या पक्षात नोतीच." एवढी वर्षे ही बंडीवर शिक्का मारत आली, मग बटण दाबत आली. तिच्या भावाचे शेत खाणीत गेले, त्याचा मोबदला संघप्रियाताईंनी मिळवून दिला, म्हणून. मी विचारले, मला सांगितले का नाही? म्हणाली, "तुमी इचारलं कवा?"

एकोणपन्नास लागतील. नाही, पन्नासच.

२० जानेवारी

भयंकर. लोकसमताचा उरलेला तालुका आज सकाळी एकगठ्ठा मर्यादा पक्षात गेला. संक्रांतीला माझ्यासाठी टाळ्या वाजवणारेसुद्धा. दोन बस भरून. मला कुणी विचारलेही नाही, नाहीतर पन्नासात मी मावलो असतो!

मर्यादा पक्षाच्या फोटोत आता माझे सगळे जुने शत्रू आहेत, आणि लोकसमतात संघप्रियाताई आणि मी.

२१ जानेवारी, दुपारी

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. ताईंना सांगायला गेलो की माझे तसे काही नव्हते, मी परत जाणार आहे. त्यांनी सांगूच दिले नाही. त्या स्वतः शेजारच्या गटातून उभ्या आहेत. आमच्या गटात कुणीच उरले नाही. म्हणाल्या, "कोळशाच्या ट्रकांनी रस्ता खाल्ला, पोरायचे खोकले बंद होत नाई. आन् डोमाभाऊ मत न मागता निवडून येतीन? तीन वाजेपर्यंत टाइम हाय. हो का नाई, तेवढं सांगा."

घड्याळात सव्वादोन.

सही केली. तिकीट मिळाले. सिद्धांत खरा ठरला: प्रवेश तिथे तिकीट. फक्त पक्ष कोणता, हे सिद्धांतात लिहायचे राहिले होते.

२४ जानेवारी

छाननीनंतर दोघेच उरलो. डोमाभाऊ आणि मी. खाणीकडच्या गावात गेलो. दहा मिनिटे बसून निघणार होतो; दिवस मावळेपर्यंत बसलो. मुखरूभाऊ म्हणून म्हातारे आहेत. म्हणाले, "तुमच्या पेपरात आमचं गाव कवाच नाई आलं, पण तुमी आले. बसा, चहा घ्या." निघालो तेव्हा पन्नाशीच्या आसपास माणसे रस्त्यापर्यंत चालत आली. घोषणा दिली नाही. नुसती चालली.

रुखमा रात्री जेवताना म्हणाली, "ह्या टाइमले मी तुमाले मत देईन."

विचित्र वाटले. भाषणाची तयारी करतो आहे. त्यात 'ष' कमी ठेवले आहेत.

२६ जानेवारी

अंकुशजी स्वतः घरी आले! चप्पल बाहेर काढून. म्हणाले, "भाऊ, तुमच्याशिवाय पक्ष सुना झाला. उद्या चंद्रपूरला मोठी सभा. मंचावर प्रवेश तुमचा, एकट्याचा. पन्नासची अट तुम्हाला नाही." फक्त सकाळी अर्ज मागे घ्यायचा.

शेवटी किंमत कळली. रुखमा आतून बाहेर आली नाही. चहाही नाही. दूध संपले असेल.

ताईंचे चार मिस्ड कॉल. उद्या समजावून सांगीन. सुशिक्षित बाई आहेत.

२७ जानेवारी, सकाळी

अर्ज मागे. डोमाभाऊ बिनविरोध.

ताई तहसील कार्यालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. मी 'येतो' म्हटले. त्या वळून पायऱ्या उतरल्या. घाईत असाव्यात.

सायंकाळी

प्रवेश झाला. भव्य. दुपट्टा नवा कोरा. अंकुशजी माइकवर म्हणाले, "सव्वीस वर्षं लोकसमता पक्षात कट्टरपणे आपल्याविरुद्ध लढलेले खुशालभाऊ आज आपल्यात आले!" प्रचंड टाळ्या. दुरुस्ती सांगायला पुढे झालो, तर डीजे सुरू झाला.

मग अंकुशजींनी ऐतिहासिक घोषणा केली. पक्षाची मूळ ओळख परत आणायची. आयाराम बंद. पुढच्या निवडणुकीपासून तिकीट फक्त निष्ठावंतांना. पक्षात सलग पाच वर्षे असतील त्यांनाच. मी सगळ्यात आधी उभा राहून टाळ्या वाजवल्या. हेच तर माझे म्हणणे होते! शेजारच्याने दंड धरून खाली बसवले. म्हणाला, "भाऊ, तुमचं आजपासून मोजतीन."

घरी येऊन रुखमाला सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे आता तुमी नवीन झाले. नव्या लोकायलेच तं तिकीट भेटत होतं ना?"

तो नियम कालपर्यंत होता, असे तिला समजावून सांगितले.