एक कोटी चौपन्न लाख पंच्याऐंशी हजार आठशे त्रेसष्ट

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पती हयात नाहीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं पुढे कोणी म्हणू लागलं, तर खालच्या साक्षीदारांना विचारावं. त्यांनी आत्ताच माझ्याकडून एकोणतीसचा पाढा म्हणून घेतला आहे.

१. शिलाई मशीन व इस्त्री माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईला द्यावी. मोठी कात्री शेजारच्या गादीवाल्याच्या हाती मुळीच पडू देऊ नये. मेला तिने काथ्या कापतो.

२. कापड बेतायचं टेबल मुलाचं. लहानपणी त्यावर खडूने त्याने आमच्या फोनचा नंबर भागायला घेतला होता: १५४८५८६३. दोनने जाईना, तीनने जाईना, सातने जाईना. म्हणाला, "आई, तीन हजार नऊशे एकतीसपर्यंत बघावं लागेल. त्याच्या पुढच्याने जात असेल, तर मागच्या कशाने तरी आधीच गेला असता." अख्खी सुट्टी आम्ही दोघं भागाकार करत बसलो. गिऱ्हाइकांच्या पँटी तशाच लोंबत राहिल्या. कशानेही भाग गेला नाही. मूळ संख्या! पोरगं टेबलावर चढून नाचलं. पुढे कॉलेजात त्याला कळलं, की ही बरोबर दहा लाखावी मूळ संख्या आहे. "आई, दहा लाखावी! आणि आपल्या घरी!" त्या दिवसाइतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

३. नंतर तो बापाशी भांडून निघून गेला. बाप वारला, तेही त्याला ठाऊक नसेल. मग टेलिफोनवाल्यांनी सगळ्यांच्या नंबरापुढे दोनचा आकडा लावला. मी त्यांच्या साहेबाला सांगायला गेले, "अहो, आता आकड्यांची बेरीज बेचाळीस होते. तीनने भाग जातो." तो म्हणाला, "मावशी, फोन लागतोय ना?" शुंभ कुठला! जुना नंबर फिरवला की एक बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मूळ संख्या म्हणे अस्तित्वात नाही!

४. राहती जागा मुलीची, एकटीची. तिला परगावी चांगली नोकरी मिळत होती, दोनदा. दोन्ही वेळा नको म्हणाली. "दादाचा फोन आला तर? तो हुशार आहे, आई. पुढे दोन लावून बघेल." जेवतानाही फोनकडे तोंड करून बसते. केस पिकले तिचे. पोरी, तो हुशार आहे म्हणूनच सांगते. बघायचं असतं तर त्याने केव्हाच बघितलं असतं. हे लिहिताना माझा जीव तुटतो आहे, पण लिहिते.

५. सबब जागा खुशाल विकावी. फोन चालू ठेवण्याची अट मी घालत नाही. आज सकाळी मी स्वतः जाऊन तो बंद करायला सांगून आले. खिडकीवरच्या मुलीने कारण विचारलं. मी म्हटलं, "माझी मुलगी परगावी निघाली आहे."

तिला अजून सांगितलेलं नाही. माळ्यावरची बॅग तेवढी काढून पुसून ठेवली आहे.

साक्षीदार: १. औषधांचे दुकानदार (सही) २. निवृत्त पोस्टमन (सही)

लिहून ठेवणार: आई (सही)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर