पट्टी जांभळी झाली

२ फेब्रुवारी, रविवार
वजन ९४. काटा बहुधा खराब. तरी आजपासून किटो सुरू. भात, पोळी, साखर बंद. अठ्ठावीसला विज्ञान दिन, शाळेत माझं व्याख्यान : ‘चरबीपासून ऊर्जा’. विषय हेडमास्तरांना मीच सुचवला. वक्त्याचं पोट विषयाच्या आड येऊ नये, एवढाच हेतू.
भावना म्हणाली, “पहिले डॉक्टरले दाखवा. तुमच्या बाबाले शुगर होती.” मी म्हटलं, शुगर खाणंच बंद करतोय, तर होईल कुठून? बायको पोळ्या लाटायला गेली. अकरा वर्षं सिंदीच्या शाळेत विज्ञान शिकवतोय, उगाच नाही.

३ फेब्रुवारी
सकाळी चार अंडी, लोणी. स्टाफरूममध्ये तर्री-पोहे आले. मी फक्त तर्री घेतली. पोहे खाली होते, त्याला इलाज नव्हता.

६ फेब्रुवारी
डोकं दुखतं. दोन मुलांना विनाकारण रागावलो. (कारण होतं. आठवत नाही.)
व्याख्यानाचा मुद्दा : साखर मिळेनाशी झाली की शरीर साठवलेली चरबी फोडतं. ती लिव्हरमध्ये जाते. लिव्हर तिचे किटोन बनवून रक्तात सोडतं. मेंदू, हृदय, स्नायू ते जाळतात. लिव्हर मात्र स्वतः बनवलेला एकही किटोन वापरू शकत नाही. सगळं दुसऱ्यांसाठी. वाचताना शिक्षकी पेशाची आठवण झाली.

९ फेब्रुवारी, रविवार
साळा मुकेश हिंगणघाटला लॅबमध्ये आहे. त्याने लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्या. किटोन असले की रंग बदलतो. फिकट गुलाबी आली. सुरुवात झाली! मुकेश म्हणाला, “भाऊजी, आलोच हाय तं शुगर बी पाहून घेतो. एक थेंब रक्त लागते.” नको म्हटलं. सुईला भीत नाही. वेळ नव्हता.

१५ फेब्रुवारी
स्टाफची गिरडला सहल. टेकडीवरच्या दर्ग्यापर्यंत चढायचं होतं. अर्ध्या पायऱ्यांवर बसलो. हेडमास्तर, वय सत्तावन्न, वर जाऊन परतले तेव्हाही बसलेलोच होतो. त्यांना समजावलं की माझं शरीर सध्या इंधन बदलतंय. ते म्हणाले, “बरं बरं, बसा.”
वजन ८९!

१९ फेब्रुवारी
पट्टी गर्द जांभळी. डबीवरच्या रंगांच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गर्द. आमच्या शाळेचा निकाल कधी इतका लागला नाही.
तहान फार. एका तासिकेत दोनदा वर्गाबाहेर जावं लागतं. मुलं हसतात. चरबी अशीच पाण्यावाटे जात असावी. बेल्टला नवीन भोक पाडलं.

२२ फेब्रुवारी
तहान आवरेना म्हणून स्टेशनजवळ उसाचा रस प्यालो. दोन ग्लास. नियम मोडला, मान्य. घाबरत घाबरत घरी पट्टी बुडवली. तरी जांभळीच! म्हणजे माझ्या किटोनना ऊससुद्धा हलवू शकत नाही. हे शास्त्रातही नवीन असावं. व्याख्यानात घालणार.
वजन ८५. भावना म्हणते, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येतो. तो अॅसिटोन. चरबी जळल्याचा धूर म्हणायचा. तिला अभिमान वाटायला हवा होता. ती खिडकी उघडायला गेली.

२५ फेब्रुवारी
श्वास आपोआप खोल आणि जोरात चाललाय. न शिकता प्राणायाम. आई म्हणाली, “काऊन धापा टाकून राह्यला बे? गाल बसले तुह्ये. हे बारीक होनं नाई, बिमारी हाय.” आई सातवी शिकली आहे.
भावना रडली. “पोरीसाठी तरी दवाखान्यात चला ना.” अठ्ठावीसनंतर नक्की, असं वचन दिलं. मी वचनाचा पक्का आहे.

२८ फेब्रुवारी. सकाळी ८
वजन ८३. पोट दुखतं, मळमळ. मोठ्या वक्त्यांना असं होतंच.

३ मार्च. वर्धा, दवाखाना
हाताला सलाईन आहे. तरी लिहितो.
व्याख्यान रंगलं, असं मला आठवतं. दहावीतल्या रोशनीने विचारलं, “सर, किटोन लई जास्त झाले तं काय होते?” मी म्हटलं, जितके जास्त तितकं उत्तम. त्यानंतर, भावना सांगते, मी टेबलावर उलटी केली आणि फळ्याला टेकत खाली बसलो. व्याख्यान ऐकायला मुकेश आला होता. त्याने गाडीत घातलं. वाटेत माझ्या बोटाला सुई टोचली. मशीनवर साखरेचा आकडा आलाच नाही, नुसतं इंग्रजीत ‘हाय’, म्हणजे मापाबाहेर. मला वाटलं नमस्कार करतंय.
डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते असं. माझ्यात इन्सुलिन कमी पडलंय. रक्त साखरेने तुडुंब, पण पेशींच्या आत ती जाईना. शरीराला वाटलं उपासमार आहे. चरबी फुटत राहिली, लिव्हर किटोन ओतत राहिलं, थांबवणारं कुणी नाही. रक्त आंबट झालं. डाएटने होतात ते किटोन थोडे असतात. माझा पूर होता. उसाच्या रसाने तर भरच घातली. त्या म्हणाल्या, “अजून एक दिवस थांबले असते तर...” भावना उठून बाहेर गेली. खूप वेळ आली नाही.
मलाही भीती वाटली. पहिल्यांदाच लिहितोय.

५ मार्च
वजन ८८. सगळं सलाईन.
सकाळी मॅडम सहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आल्या. सगळे माझ्या पलंगाभोवती. मॅडमनी विचारलं, किटोन कुठे बनतात? एक मुलगा म्हणाला, किडनीत. मला राहवेना. हळूच म्हटलं, लिव्हरमध्ये. मॅडम चकित. “अरे वा, पेशंटला माहीत आहे! काय करता तुम्ही?”
मी उशीवरून मान उचलली.
भावनाने घाईघाईने सांगून टाकलं, “शेती.”
आमच्याकडे शेती नाही. मी मान परत उशीवर ठेवली.