टिकलीखालचं तोंड

३ जून
आले बाई एकदाची जालन्याला! मस्तगडातली खोली एवढीशी, पण चावी माझ्याजवळ. बियाण्याच्या कंपनीत पाकिटं तपासायचं काम लागलंय. सुमितच्या घरात चहासुद्धा विचारून प्यावा लागायचा, इथं आल्याआल्या दोनदा प्याले. घरमालकीण पुष्पाबाईंनी विचारलं, मालक कुठंयत? म्हटलं, पुण्याला. सपशेल थाप. नवऱ्याला सोडून आले म्हटलं असतं तर खोली दिली असती का? तरी थाप मारताना मान खालीच गेली.

६ जून
मोबाइलवर व्हिडिओनं समुपदेशन घ्यायला लागले. तृप्ती मॅडम गोड बाई. त्यांनी बजावलंय, दार लावा, हेडफोन घाला, उजेड तोंडावर घ्या, मोबाइल टेकवून ठेवा, अन् मनातलं काही गाळू नका. मी सगळं बराबर केलं. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवला. पण बोलायला लागले तर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझंच तोंड! सुमित पट्ट्यानं कसा मारायचा ते सांगताना मला माझ्याकडं बघवंना. शरमेनं मेल्यासारखं झालं. मंग कपाळावरची टिकली काढली अन् चौकटीतल्या तोंडावर डकवली. हाय का न्हाई अक्कल? त्याच्यानंतर पोटभर रडले.

१० जून
आज काहीतरी गडबड झाली. मी हुंदके देऊन राह्यले अन् मॅडम म्हणाल्या, आज किती छान हसताय. नेट खराब असंल. पाठीवरचे वळ अजून जात न्हाईत, असं पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, सासर इतकं चांगलं मिळालं हे ऐकून बरं वाटलं.
माझीच जीभ अडखळत असंल का?

१३ जून
बोलता बोलता स्क्रीनवरची टिकली उचकटली. खाली मीच. पण माझे ओठ मिटलेले, अन् ती बोलून राह्यल्ती. ओढणी सावरून, गोड हसून. माहेरचा फोन आला की मी जशी बोलायचे, बिलकुल तश्शी. ते हसू मीच घोटवलंय तिच्याकडून— लाज वाटते लिहायला.
मी किंचाळले. मॅडमनी अभिनंदन केलं. म्हणाल्या, तुम्ही बऱ्या झालात, आता सेशनची गरज न्हाई.

१४ जून
कुंभार पिंपळगावहून आईचा फोन. काल व्हिडिओवर किती गोड बोललीस म्हणे. सुमितला घेऊन ये म्हणालीस म्हणे. मी फोन केलाच न्हाई! आई, मी न्हाई जाणार, असं ओरडून सांगितलं. आई म्हणाली, बरं बरं, एवढी घाई झाली का, उद्याच येतो.

१५ जून
मोबाइल बंद करून टाकला. समोरासमोर सांगते. लाज गेली चुलीत, आईला पाठच दाखवते. बघितल्यावर ती पाठवायची न्हाई मला.
आले दोघं. खाली पुष्पाबाईंशी बोलून राह्यलेत—

म्हटलं, आई, माझी पाठ बघ. तोंडातून निघालं, आई, चहा ठेवू का.
पुन्हा म्हटलं. पाठ फिरवली, तर आईनं लाडानं थोपटली. तोंड हसलं.
सुमित माझी पिशवी भरून राह्यला. आई खुश. तोंड गेलं, पण हात अजून माझा— जल्दी लिहिते—
आई, हे वाच. मला त्याच्यासंगं पाठवू नको. तो मला मारून— फार जीव लावतो. मी खुशीत चाल