नऊ खोकी, तुझ्या अक्षरात

अल मलाझ, रियाध
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमा,

‘प्रिय’ लिहिलं आणि पाच मिनिटं नुसती त्या शब्दाकडे बघत बसले. खोडणारच होते. मग म्हटलं राहू दे, कधीकाळी तू मला खरंच प्रिय होतीस, आणि नसतीस तर माझ्या अंगाचा असा तिळपापड झालाच नसता. शर्विलवर मी इतकी कधी चिडले नाही, खरं सांगते. नवरा वाईट निघाला तर बाईला चार लोक निदान समजून तरी घेतात. जिवाभावाची मैत्रीण अशी निघाली तर ते कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

तर बातमी अशी, की मी आले. आणि या वेळी पाहुणी म्हणून नाही. गेल्या महिन्यात माझा प्रीमियम इकामा झाला, म्हणजे मी आता इथली कायमची रहिवासी, स्वतःच्या नावावर. त्याला ना कफील, म्हणजे इथला हमीदार, लागतो, ना नवरा. आर्यनच्या जन्मानंतर रेडिओलॉजीच्या ज्या पदवीवर मी खुशाल धूळ बसू दिली होती, तिच्या जोरावर मिळाला. सहा वर्षांपूर्वी मी या देशात राहायचं की जायचं, हे शर्विलच्या मोबाइलवरच्या एका बटणावर होतं. ते बटण त्याने कसं दाबलं ते तुला ठाऊकच आहे. माझ्याआधी ठाऊक होतं. असो. काल मी बहरीनहून समुद्रावरचा पूल ओलांडून सामानासकट आले आणि तुझ्याच बिल्डिंगमध्ये, तुझ्याच मजल्यावर, तुझ्या बरोब्बर समोरच्या दारात उतरले. तू आणि कुमारभावजी दम्मामला गेलात म्हणून खोक्यांची धडधड तुला ऐकू आली नाही. खोटं वाटत असेल तर खाली दारावरच्या हारिसला, नबीलला विचार. त्यानेच लिफ्ट धरून ठेवली होती.

खोकी कुठली म्हणशील, तर तीच. नऊच्या नऊ. आठवतात का तुला? बाबांच्या बायपाससाठी मी तीन आठवडे पुण्याला निघाले होते. आर्यन नऊ वर्षांचा, शाळेत चाचण्या चालू, सुट्टी लागली की शर्विल त्याला घेऊन येणार असं ठरलेलं. निघायच्या पाच दिवस आधी तू वर आलीस आणि म्हणालीस, तू नाहीयेस तर पेस्ट कंट्रोल उरकून घेऊ, झुरळं फार झालीत, भांडीकुंडी खोक्यांत भरून ठेवू. केवढी गं तुझी माया! आपण दोघी स्वयंपाकघरात फतकल मारून बसलो, काचेच्या पेल्यांत शर्विलचे मोजे कोंबले, हसून हसून पुरेवाट झाली. तू यादी करत होतीस. किचन एक, किचन दोन, थंडीचे कपडे. मी विचारलंसुद्धा, अगं झुरळांना माझे स्वेटर कशाला लागतात? तू मान वर न करता म्हणालीस, औषधाचा वास बसतो लोकरीला. आर्यन ज्यूसचं पाकीट चोखत दारात उभा राहून सगळं बघत होता. मी माझं घर माझ्या हाताने भरलं, हेमा, आणि दुपारी तुला पोहे करून घातले.

विमानतळावर इमिग्रेशनच्या माणसाने माझं इकामा कार्ड घेतलं ते परत दिलंच नाही. ‘खुरूज निहाई’ म्हणाला. मला वाटलं, सुखरूप जा असं काहीतरी म्हणतोय. दहा वर्षं रियाधमध्ये राहून मला भाजी घेण्यापुरती अरबी येत होती, कारण कागदपत्रांची कामं सगळी नवऱ्याची. फायनल एक्झिट, पुन्हा यायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी त्या माणसाला हसून शुक्रन म्हटलं. स्वतःला हाकलून दिल्याबद्दल आभार मानून विमानात जाऊन बसले. तीन आठवड्यांनी परतीचं तिकीट घेऊन मुंबईच्या काउंटरवर उभी राहिले, तेव्हा कळलं की माझा व्हिसाच उरलेला नाही. शर्विल फोनवर म्हणाला की आता वेगळं राहिलेलंच बरं, आर्यनची शाळा इथे आहे, तो इथेच राहील. मी तुला फोन केला. तू हमसून हमसून रडलीस, आणि मी, मूर्ख, मीच तुझी समजूत घालत बसले.

मग ऑगस्टमध्ये रियाधच्या बत्हा बाजारातल्या कुठल्याशा कार्गोवाल्याकडून खोकी पुण्यात आली. प्रत्येकावर तुझी यादी, आणि पहिल्यावर बुकिंगचा फॉर्म चिकटवलेला. पाठवणारा, घेणारा, बाबांचा कोथरूडचा पत्ता, पिनकोडसकट, सगळं तुझ्या त्या सुबक अक्षरात. तारीख नऊ जून. म्हणजे ज्या दिवशी आपण मोजे कोंबत हसत होतो, त्याच दिवशी खाली जाऊन तू तो फॉर्म भरलास. पोटात माझे पोहे असतील अजून. मी तो फॉर्म हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. आईने येऊन खांदा हलवला तेव्हा भानावर आले. खोकी मात्र उघडली नाहीत. आई म्हणायची, काढ गं बाई ती भांडी, गंजतील. नाही काढली. चार वर्षांपूर्वी बहरीनच्या हॉस्पिटलात नोकरी घेतली तेव्हा तशीच बांधलेली तिकडे नेली. लोक म्हणाले, दुबई सोडून बहरीन काय? लोकांना काय सांगणार. तिथून रियाध गाडीने पाच तासांवर होतं.

घटस्फोट झाला, कोर्टाच्या कागदावर आर्यनच्या भेटी ठरल्या, आणि दर सुट्टीत कधी त्याला ताप, कधी त्याचे क्लास. व्हिजिट व्हिसावर मी दोनदा आले. पहिल्यांदा शर्विल त्याला घेऊन आदल्याच दिवशी अभाला, डोंगरात फिरायला गेला. तुझं दार वाजवलं, तर आतला टीव्ही बंद झाला, पण दार काही उघडलं नाही. दुसऱ्यांदा मॉलच्या फूड कोर्टमध्ये चाळीस मिनिटं मिळाली, आणि देखरेखीला पलीकडच्या टेबलावर कोण, तर तू. त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली. तेरा वर्षांचा मुलगा, बर्गरचा कागद चारदा घडी करून चारदा उलगडला त्याने. मी म्हटलं, बाळा, मी तुला सोडून गेले नव्हते, मला पाठवून दिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे, इंग्रजीत म्हणाला, “पण मी तुला पॅकिंग करताना बघितलं होतं, मम्मा.” मी सांगितलं, ते पेस्ट कंट्रोलसाठी होतं. तो तुझ्याकडे वळला आणि विचारलं, मावशी, तेव्हा पेस्ट कंट्रोल झालं होतं का? किती सोपा प्रश्न होता. हो किंवा नाही. तू त्याच्या स्वेटरचं बटण लावलंस आणि म्हणालीस, “मला नाही रे आठवत.”

त्या दिवशी मी ठरवलं. शर्विलशी भांडण कोर्टात संपलं होतं, तुझ्याशी नव्हतं. तो पूल मी व्हिसाचा कागद नाचवत नाही, स्वतःचं घर पाठीशी बांधून ओलांडीन, तेव्हाच माझ्या मुलाला पटेल की जाणारी बाई आणि घालवलेली बाई यांत फरक असतो. दोन वर्षं अर्ज, शिक्के, पदव्यांचे दाखले, यातच गेली. आणि कस्टम्सवाले सामानाची यादी हवी म्हणाले, अरबीत, तेव्हा मी नवी कशाला करू? तुझीच यादी भाषांतराला दिली. मनामाच्या ऑफिसातल्या भाषांतर करणाऱ्या मुलीने विचारलं, ही कुणी केलीय, फार नीटनेटकी आहे. म्हटलं, नीटनेटकीच आहे ती, हातातलं काम अर्धवट सोडत नाही.

पुलावर कस्टम्सला काय गंमत झाली ते ऐक. शाहिद म्हणून दापोलीकडचा एक जण पिकअप चालवतो, त्याच्या गाडीत सामान होतं. तिथला अधिकारी कोवळा पोरगा. म्हणाला, यादीत वापरलेलं घरगुती सामान लिहिलंय, मग खोकी सहा वर्षं बंद कशी? एक उघडा. त्याने उघडलं नेमकं किचन तीन, आणि हाताला लागला तो स्टीलचा डबा, आर्यनच्या पहिल्या वाढदिवसाचा, ज्यावर तू पुण्यातून नाव घालून आणलं होतंस. ‘चि. आर्यन यास, हेमामावशीकडून.’ त्याने बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? म्हटलं, माझ्या मुलाचं नाव. आणि हे दुसरं? हे कुणाचं? सामान दुसऱ्याचं तर नाही ना? आणि हेमा, सहा वर्षं घशात अडकलेला शब्द तोंडातून निसटला. म्हटलं, हरामी.

मी शिवी मराठीत दिली होती गं. पण अरबीत हरामी म्हणजे चोर. त्या पोराचा चेहरा उतरला. चोराचं नाव घातलेलं सामान घेऊन एक बाई सरहद्द ओलांडतेय! त्याने दुसऱ्या दोघांना हाक मारली आणि नऊच्या नऊ खोकी उन्हात उघडली. माझे स्वेटर, तुझे ते मोजे भरलेले पेले, आर्यनची पावशेराची वाटी, सगळं सिमेंटवर मांडलं. शाहिदने कपाळाला हात लावला. ताई, म्हणाला, हा शब्द हितं पोलिसासमोर काढायचा नसतो, तुमी गप ऱ्हावा, मी बोलतो. तो बोलत राहिला, पोरगा ऐकत राहिला. अडीच तास झाले. शेवटी त्या पोराने थेट मलाच विचारलं, त्या चोराने तुमचं काय चोरलं? मला तेवढी अरबी आता येते. मी म्हटलं, माझा मुलगा. त्याने डबा पुसला, खोक्यात ठेवला, स्वतः चिकटपट्टी लावली आणि शिक्का मारला. मला वाटतं त्याने पुढचं विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते.

मी तुला चोर म्हटलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण तुझ्यावर अन्यायही करणार नाही. तुला मूल नव्हतं. डॉक्टरांकडून आलीस की तू थेट आमच्याकडे यायचीस, आणि मी काही न विचारता आर्यनला तुझ्या मांडीवर ठेवायची. मागितला असतास तर अर्धा दिला असता गं तुला. शाळेतून तुझ्याकडे, जेवायला तुझ्याकडे, आजारी पडला तर तुझ्याकडे, मला काही हरकत नव्हती. पण शर्विलने तुला सांगितलं असणार, तिला एकदा पाठवलं की पोराला तूच बघ, आणि तुला तो सबंध मिळत होता. तू विचार केलास आणि वही घेऊन वर आलीस. मी हे रोज मनात उगाळलंय, आंघोळ करताना, रिपोर्ट लिहिताना. तुझं भलं व्हावं असं मला एकदाही वाटलं नाही.

तर यापुढे असं होईल. मी आरडाओरडा करणार नाही. जिन्यात भेटलीस तर जेवण झालं का विचारीन. तू सकाळी कचरा ठेवायला दार उघडशील तेव्हा मी समोर असेन, ईदला असेन, दिवाळीला असेन, कुमारभावजी निवृत्त होऊन तुम्ही दोघं फायनल एक्झिट घ्याल त्या दिवशीही असेन. बॅगा उचलायला मदतसुद्धा करीन. लोकांना वाटेल काय चांगली शेजारीण मिळाली. तेवढं तुला पुरेल. मला इथून आता कुणी काढू शकत नाही, तुझ्या नाकावर टिच्चून राहणार आहे.

आता म्हणशील, समोरच राहते तर दार वाजवायचं, एवढं पत्र कशाला? कारण हे पत्र पहिल्यांदा तू वाचणारच नाहीस. काल संध्याकाळी मी शेवटचं खोकं फरपटत आणत होते आणि लिफ्टमधून आर्यन तुमच्या घराची किल्ली घेऊन बाहेर आला. मिसरूड फुटलंय गं त्याला, हे तू कळवलं नाहीस. मला बघून थबकला. मग खोक्यावरचं अक्षर बघितलं, मावशीचं अक्षर तो ओळखतो. दुसऱ्या बाजूने खोकं धरलं, आत आणून ठेवलं आणि उद्या येतो म्हणून गेला. शाळेत त्याला हिंदी आहे, देवनागरी हळूहळू का होईना वाचता येतं, आणि मराठी तर तू घरात बोलतेसच त्याच्याशी. तो आता येईल. पाकीट न चिकटवता हे त्याच्या हातात देणार आहे. त्याला म्हणेन, आधी तू वाच, सगळं वाच, मी वाईट दिसते तेही वाच. मग उद्या मावशी आली की तिला दे, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथून हलू नकोस. म्हणजे तू या ओळीपर्यंत आलीस तेव्हा तो तुझ्यासमोर उभा आहे. मान वर कर, हेमा. तो वाट बघतोय.

तुझीच, आणि आता कायमचीच,
स्मृती