एक जूनची नोंद

मी, इंदुमती त्र्यंबक परचुरे, बी.ए., राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, पूर्वी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, आता कोणी नाही, वय नोंदीप्रमाणे एकोणसाठ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून लवकर लिहिते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. माझे अंत्यविधी साधे व्हावेत. पोस्टातल्या पुस्तकात आहे ते त्यासाठी आहे. शाळेने सुट्टी देऊ नये. मुलींना सुट्टीचे कारण कळत नाही, सुट्टी तेवढी कळते.

२. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. कपाट देऊ नये, त्याचे दार लागत नाही आणि शाळेत अशी दोन कपाटे आहेत. कपाट कुसुमताई जोशी यांनी हवे तर न्यावे. भिंतीवरचे घड्याळही त्यांनाच. त्या बारा वर्षे माझ्या हाताखाली शिक्षिका होत्या, बाराही वर्षे उशिरा आल्या, आणि आता माझ्या जागी मुख्याध्यापिका आहेत.

३. छडी जाळावी.

४. चिंचवड येथील माझे स्वकष्टार्जित घर, दोन खोल्या, पडवी व मागचे अंगण, आतल्या भांड्यांसह, मी शालनबाई यांना देत आहे. शालनबाई या आमच्याच गावच्या कोंडाजी काळभोर यांची मुलगी. नवरा वारल्यापासून त्या आपल्या लहान मुलीला घेऊन माहेरी असतात आणि मोशीला दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपणीला जातात. त्यांचे व माझे काही नाते नाही. म्हणून कारण लिहिणे भाग आहे. कारण न सांगता ठरवण्याची सवय मला छत्तीस वर्षे होती. ती या कागदापुरती तरी मोडते.

सन १९३७ च्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, कोंडाजींची बायको गोजाबाई शालनला घेऊन आली. प्रवेशाच्या रजिस्टरात जन्मतारीख लागते. गावातल्या कोणालाच ती सांगता येत नसे. तेव्हा आमची रीत अशी होती की मुलीने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावा. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण समजायची आणि जन्मतारीख एक जून लिहायची. एक जून का, असे मला कोणी विचारले नाही. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडतो, एवढेच. त्या दिवशी मी बावीस मुलींना एकच वाढदिवस दिला.

गोजाबाई मात्र सांगत होती. "बाई, दिवाळीच्या पाडव्याला झाली बघा ही. आमचं सासरं गेलं त्याच साली."

"तारीख सांगा. सण नको."

"तारीख आमाला कुठनं ठावं? तुमी पंचांगात बघा की."

दाराशी आमचा शिपाई आबाजी उभा होता. तो म्हणाला, "बाई, पोरगी ल्हान दिसतीया."

मी म्हटले, "आबाजी, घंटा दे."

तो घंटा द्यायला गेला. शालनचा हात कानाला पोचत नव्हता, बोटभर कमी पडत होता. मी तिची मान वाकवली. कान हाताला लागला. मी लिहिले, एक जून १९३१. गोजाबाईला वाटले, मान वाकवणे हीसुद्धा रीतच असेल. जुनी पंचांगे माझ्या मागच्याच कपाटात होती. सासरा कोणत्या साली गेला हे गावच्या पाटलांच्या वहीत होते. सगळे मिळून पाव तासाचे काम. बाहेर रांग होती आणि मला उशीर होत होता.

शालन सातवी पास झाली. चांगली मुलगी होती, गणितात कच्ची.

पुढे कोंडाजींची जमीन माळावरच्या बाटल्यांच्या कारखान्यात गेली. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एका माणसाला काम मिळायचे होते. कोंडाजी थकलेले, मुलगा नाही. तेव्हा काम शालनला. अट अशी की सातवी पास हवी आणि एक जून १९५६ रोजी पंचवीस पूर्ण झालेली नसावीत. माझ्या रजिस्टराप्रमाणे शालनला त्याच दिवशी पंचवीस पूर्ण होत होती. मी त्या वेळी दोन जून लिहिले असते तरी चालले असते.

गेल्या वर्षी मे महिन्यात गोजाबाई आणि शालन माझ्या अंगणात आल्या. माझ्या मुदतवाढीचा शेवटचा महिना होता, रजिस्टर अजून माझ्या ताब्यात होते, आणि पुरावा पाहून नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार मुख्याध्यापिकेला असतो. माझा भाचा चि. यशवंत पडवीत चहा घेत बसला होता.

शालन म्हणाली, "बाई, एकच दिवस आडवा आलाय."

मी म्हटले, "नोंदीत खाडाखोड होत नाही."

यशवंत म्हणाला, "बरोबर आहे आत्या. नियम म्हणजे नियम. उद्या सगळा गाव येईल वय कमी करून घ्यायला."

गोजाबाई त्याला म्हणाली, "दादा, कमी न्हाई वो. हाय तेवढंच करा म्हनतीया मी."

त्या निघाल्या. यशवंतने दुसरा कप मागितला. मी दिला.

५. चि. यशवंत यास माझ्या मिळकतीतून काही नाही. तो विचारील म्हणून सांगते. लहानपणी तो माझ्याच शाळेत बिगरीत होता, तेव्हा तिथे मुलगेही घेत. सन १९४६ मध्ये त्याला सरकारी नोकरीसाठी वय एका वर्षाने जास्त होत होते. एका रविवारी मी रजिस्टर घरी आणले, त्याचे जन्मसाल पंचवीसचे सव्वीस केले आणि बाजूला सही केली. पुरावा मागितला नाही. भाऊ म्हणाला, "इंदू, तुझ्या हातात आहे." होतेच. त्या एका वर्षामुळे त्याला नोकरी लागली, आणि निवृत्तीही एक वर्ष उशिरा येईल. माझ्याकडून त्याचा वाटा तेव्हाच गेला आहे. नोंद मी बदलली, तिचा दोष माझा. यावरून कोणी त्याला त्रास देऊ नये. पण घरासाठी त्याने शालनबाईंना कोर्टात ओढले, तर हे कलम कोर्टात मोठ्याने वाचावे.

६. लोक म्हणतील, म्हातारीने मनमानी केली. मनमानी काय असते ते मला चांगले माहीत आहे. ती करताना राग नसतो, द्वेष नसतो. समोरचा माणूस का म्हणून विचारणार नाही याची खात्री असते, बस्स. शालनची मान वाकवताना ती होती आणि यशवंतचा आकडा फिरवतानाही होती. दोन्ही वेळा मी स्वतःला शिस्तीची समजत होते.

निवृत्तीनंतर शाळेतून आणलेले सामान आवरताना ती पंचांगे सापडली. पाटलांची वही मागवली. शके १८५४, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे तीस ऑक्टोबर १९३२. खऱ्या वयाने शालन यंदाच्या भरतीतही बसत होती. मी प्रतिज्ञापत्र केले. कारखान्यात गेले, ते म्हणाले रजिस्टर दुरुस्त करून आणा. शाळेत गेले, कुसुमताई म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगायच्यात, नोंदीत खाडाखोड होत नाही." त्या टोमणा मारत नव्हत्या. वर शिक्षण खात्याला लिहिले. वरून काल उत्तर आले: नोंद तत्कालीन मुख्याध्यापिकेच्या हस्ताक्षरात व निःसंदिग्ध असल्याने बदल करता येत नाही. यंदाच्या भरतीची मुदतही कालच संपली.

यापुढे माझ्याच्याने होईल असे घर तेवढे उरले आहे. घर म्हणजे नोकरी नव्हे, हे मला कळते. शालनबाईंनी ते उपकार म्हणून घेऊ नये. विकायचे तर विकावे, राहायचे तर राहावे, मला आवडले असते की नाही याचा विचार करू नये. मागच्या अंगणातले लिंबाचे झाड तेवढे तोडू नये, असे लिहिणार होते. तेही लिहीत नाही.

७. पंचांगांचा गठ्ठा शालनबाईंच्या मुलीला द्यावा. ती याच जूनमध्ये शाळेत जाणार आहे. तिची जन्मतारीख मी तिच्या आजीला विचारून, पडताळून, वेगळ्या कागदावर लिहून गठ्ठ्यात ठेवली आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील सोपानराव गायकवाड, राहणार सांगवी, यांनी करावी.

हे सर्व लिहून, वाचून, खालील दोघांच्या समोर सही करत आहे. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही-निशाणी केली आहे.

इंदुमती त्र्यंबक परचुरे

साक्षीदार:
१. डॉ. उद्धवराव मोरे, चिंचवड. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, मी तपासले आहे.
२. आबाजी लांडगे, शाळेचे माजी शिपाई, यांचा डाव्या हाताचा अंगठा. मजकूर त्यांना वाचून दाखवला. घंटेची हकीकत बरोबर आहे असे ते म्हणाले.

स्थळ: चिंचवड
दिनांक: दोन जून १९५७, रविवार

दिनांकात प्रथम 'एक' लिहिले गेले होते, हाताच्या सवयीने. ते खोडून 'दोन' केले आहे. खाडाखोड माझी. कारण: आज दोन तारीख आहे.
इं. त्र्यं. प.